अडीच वाजताचं बीपी

आधीच कबूल करतो, या सदरात लिहिण्याची माझी लायकी नाही. इथे लोक मनापासून लिहितात, घाटात बाई दिसली, बंद घरातून हाक आली... आणि त्याखाली "दादा, एकदा बीपी तपासून घ्या" अशी कॉमेंट टाकणारा जो आगाऊ प्राणी असतो, तो मी. तिघांनी ब्लॉक केलंय मला. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी प्रेतं चिरतात त्या डिसेक्शन हॉलच्या पायरीवर बसून पोहे खाल्लेला माणूस मी, भूत-बीत आमच्या सिलॅबसमध्येच नव्हतं. तेव्हा त्या तिघांची जाहीर माफी मागतो आणि एका बीपीचीच गोष्ट सांगतो. बीपी खरं होतं. ते घेतलं कोणी, हा प्रश्न आहे.

जागा नाशिक. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच शिकतोय आणि परीक्षा व्हायचीय. दुसरा मजला, बायकांचा मेडिसिन वॉर्ड. एका टोकाला नर्सिंग स्टेशन, दुसऱ्या टोकाला लिनन रूम, म्हणजे चादरी-ब्लँकेटं ठेवायची खोली. एक दार, एक खिडकी, खिडकीला जाड ग्रिल. वेळ मंगळवारी दुपारची, बाहेर लख्ख ऊन. अमावस्या होती की पौर्णिमा, विचारू नका. त्या दिवसांत मला वारसुद्धा चार्टवर बघून कळायचा.

मी तेव्हा जेआर वन होतो. एमडी करायला आलेल्या डॉक्टरांत सगळ्यात खालचा. वरचे डॉक्टर ठरवतात, जेआर वन करतो. रक्त काढणं, रिपोर्टमागे पळणं, फायली लिहिणं, आणि दर दोन-चार तासांनी प्रत्येक पेशंटची नाडी, बीपी, श्वास मोजून चार्टवर लिहिणं. आमच्या युनिटला दोन जेआर वन होते. दुसरा जुलैत सीट सोडून घरी गेला. जाताना मला म्हणाला, "मंद्या, मी झोपायला चाललोय. कायमचा नाही, घाबरू नको." मग त्याचं कामही माझ्याकडे आलं, आणि वर डेंग्यूचा सीझन.

थकलो होतो म्हणणं सौम्य झालं. स्टेथोस्कोप कानात न घालता छाती तपासायचो, आणि वर "खोल श्वास घ्या" म्हणायचो. आईचा फोन आला की "बोला, काय त्रास होतोय?" विचारायचो. हे मी मेसमध्ये सांगून लोकांना हसवायचो. एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नव्हती. ऑगस्टमध्ये एक आजी गेल्या, आणि मी घड्याळात वेळ बघताना माझ्या मनात पहिला विचार आला, चला, एक चार्ट कमी झाला. त्याची लाजही वाटली नाही. मला वाटतं खरा आजार तो होता, बाकी नुसती लक्षणं.

आणि मी चार्टवर खोटं लिहायला लागलो होतो.

हे वाचून काही डॉक्टर मंडळी गालात हसतील, काही चिडतील. पद्धत सोपी असते. खाटेपाशी जायचंच नाही. टेबलावर बसून ओळीने लिहायचं, १२०/८०, ११०/७०, १३०/८०. नाडी ८४. श्वास १८. श्वास तर जगात कोणी मोजतच नाही, सगळ्यांचा १८. पेशंट बरे होत असतात तोवर हे चालून जातं, आणि बहुतेक पेशंट बिचारे बरे होतच असतात.

त्या मंगळवारी सकाळच्या राउंडला आमच्या युनिट हेड मॅडमनी विचारलं, "बेड अकरा रात्री कशी होती?"

मी सोमवारी सकाळी आठला कामावर चढलो होतो, मध्ये झोप नाही. "स्टेबल, मॅडम. १२०/८०. ताप नाही. रात्री छान झोपली."

मॅडमनी फाइल बघितली, खाट बघितली. खाटेवर गुंडाळलेली गादी होती. पेशंट आदल्या संध्याकाळीच डिस्चार्ज घेऊन घरी गेली होती.

"गादीची तब्येत उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "चला पुढे."

सगळे हसले. मीही हसलो. मला ते खरंच विनोदी वाटलं, त्यावरून ओळखा माझी अवस्था.

आता बेड चौदाबद्दल. सुवर्णा, वय बावीस, चांदवडजवळच्या खेड्यातली, डेंग्यूचा पाचवा दिवस. घरी आठ महिन्यांचं बाळ. सोबत सासूबाई, कांताबाई. कपाळावर आडवं कुंकू, तोंडाचा पट्टा कायम चालू. मंगळवारी सकाळी सुवर्णाचा ताप उतरला होता आणि कांताबाई खूश होत्या.

"डाक्टर, ताप गेला ना आता? सोड मग आमाला. तिकडं लेकरू वरच्या दुधावर हाय, लय रडतंय."

"दोन दिवस थांबा, आजी."

"आजी कोनाला म्हनतो? तुझ्या आईयेवढी आसंन मी. आन तूच पड जरा खाटंवर, तिच्यापेक्षा तूच आजारी दिसतो."

डेंग्यूतली खोच इथेच आहे. ताप उतरतो, घरचे पिशव्या भरायला लागतात, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत काही पेशंटच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं. पेशंट बोलत असतो, शांत दिसतो. फक्त बीपीचा वरचा आकडा आणि खालचा आकडा एकमेकांजवळ येत जातात. अंतर वीसवर किंवा त्याखाली आलं की ती धोक्याची घंटा. तेव्हा सलाईन वाढवलं तर माणूस वाचतो, तासाभराचा उशीर झाला तर हातातून जाऊ शकतो. म्हणून अशा पेशंटचं बीपी पुन्हा पुन्हा मोजायचं असतं. हे मला पाठ होतं. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते.

दुपारी दोन वाजता मी काय केलं? सहा डेंग्यूच्या पेशंटचे चार्ट पुढ्यात घेतले आणि अडीचच्या रकान्यात अडीचचं बीपी दोन वाजताच भरून टाकलं. खोटं बीपी बरेच लोक लिहितात. भविष्यातलं बीपी लिहिणारा मात्र आमच्या बॅचमध्ये मी एकटाच. सुवर्णाला ११०/७० दिलं. श्वास अर्थात १८.

सहावा चार्ट भरताना पेन कागदावरून घसरत टेबलावर गेलं. जाधव सिस्टर, आमच्या वॉर्डच्या इनचार्ज, शेजारी उभ्या होत्या. आधी काय लिहिलंय ते त्यांनी बघितलं नसावं, नाहीतर तिथेच माझा कान धरला असता.

"सर, शेवटचं कधी झोपलात?"

"रविवारी... बहुतेक."

"उठा."

"सिस्टर, इम्रान सर कॅज्युअल्टीत अडकलेत, वॉर्डात कोणीतरी—"

"तुम्ही असून नसल्यासारखेच आहात. तासभर झोपा, वॉर्डात स्नेहा सिस्टर आहे, लागलं तर ती इम्रान सरांना फोन करेल." इम्रान सर म्हणजे माझ्या वरचे जेआर टू. सिस्टरनी मला दंडाला धरून लिनन रूममध्ये नेलं, ब्लँकेटांच्या ढिगावर बसवलं. "कुलूप लावते बाहेरून. नाहीतर दर दोन मिनिटांनी कोणीतरी दार वाजवेल. कुलूप दिसलं की आत डॉक्टर असेल असं कोणाच्या डोक्यात येणार नाही."

मी बूट काढले. कुलूप लागल्याचा आवाज ऐकला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं. किल्ली एप्रनच्या खिशात टाकून सिस्टर मेट्रनच्या ऑफिसात मीटिंगला गेल्या, शेजारच्या इमारतीत. त्यानंतरचं मला काहीही आठवत नाही. स्वप्नसुद्धा नाही.

जाग आली ती सिस्टरनी हलवल्यावर. तीन वाजून दहा मिनिटं.

"सर, चला. इम्रान सर बोलावतायत. चौदा नंबर."

मी तसाच धावलो. सुवर्णाच्या दोन्ही हातांना सलाईन जोरात चालू होतं. इम्रान सर तिचं बीपी घेत होते. कांताबाई पहिल्यांदाच गप्प होत्या, सुनेचे तळपाय चोळत होत्या.

"सर, सॉरी, मी झोपलो होतो," मी म्हणालो.

"सॉरी कशाला? अरे, वेळेत पकडलंस यार. अजून अर्धा तास गेला असता तर पोरगी गेली होती. बीपी येतंय आता. आयसीयूला बेड सांगितलाय. पण कॉल देऊन स्वतः गायब कुठे झालास?"

"मी कॉल नाही दिला."

"स्नेहा सिस्टरने फोन केला मला. म्हणाली, मंदार सर सांगतायत."

स्नेहा सिस्टर पलीकडे इंजेक्शन भरत होत्या. "तुम्हीच सांगितलंत की, सर. मी पाठमोरी होते. मागे येऊन म्हणालात, चौदा नंबर, इम्रान सरांना बोलवा, आत्ता. एवढंच. मी वळले तर तुम्ही पुढच्या खाटेकडे चालला होतात."

मला वाटलं, हे दोघं मिळून माझी फिरकी घेतायत. सकाळच्या गादीनंतर ते साहजिकच होतं. मी चार्ट उचलला.

अडीचच्या रकान्यात मी लिहिलेलं ११०/७० होतं. त्यावर एक आडवी रेघ होती. एकच, सरळ, रेघेखालचं लिहिलेलं वाचता येईल अशी, बाजूला सही. चुकलेली नोंद रद्द करायची हीच रीत आम्हाला शिकवतात, आणि ती पाळताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही. शेजारी लिहिलं होतं, ९६/८०. नाडी १२४. श्वास २७. हात-पाय गार.

अक्षर माझं. सही माझी. माझा चार असा निघतो की लोक नऊ वाचतात, तोही तसाच.

मी बाकीचे पाच चार्ट बघितले. प्रत्येकावर माझ्या खोट्या आकड्यावर रेघ, सही, आणि शेजारी नवे आकडे. ११४/७६. १२२/८४. १०८/७२. श्वास १९, २१, १७... इथे माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टर नसलेल्यांना सांगतो का ते. आम्हा घाईतल्या लोकांपैकी कोणी श्वास मोजलाच, तर तीस सेकंद मोजतो आणि दुप्पट करतो. त्यामुळे आकडा सम येतो. विषम आकडा यायला पूर्ण एक मिनिट खाटेपाशी उभं राहून पेशंटच्या पोटाकडे बघावं लागतं. आमच्या वॉर्डात तसं कोणी करत नव्हतं. मी तर नक्कीच नाही.

सुवर्णाला आयसीयूत नेल्यावर मी कांताबाईंना बाकावर बसवलं.

"मावशी, मघाशी बीपी बघायला कोण आलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आता मलाच आयसीयूत न्यायला हवं. "आरं बाबा, तूच आला व्हता. अजून दुसरा कोन हाय हितं?"

"काय बोललो मी?"

"काय बी नाय बोलला. तिच्या पोटाकडं टक लावून हुबा ऱ्हायला. मला वाटलं, झोपला हुब्या हुब्या. मंग हात धरून बघितला, लिवलं, गेला. पायात बूट नव्हते तुझ्या, नुसते मोजे. फरशी आताच पुसल्याली, मी म्हनलं बी, घसरशील. तू वळून नाय बघितलं."

मी खाली बघितलं. धावत आलो होतो, बूट लिनन रूममध्येच राहिले होते. पुसलेली फरशी एव्हाना वाळून गेली होती. मोज्याचे तळवे मात्र ओले होते, आणि फिनाइलचा वास येत होता.

आता तुम्ही म्हणाल ते मीही म्हणालो. झोपेत चाललो असेन. तीस तास जागलेला मेंदू काहीही करू शकतो. पण दाराला बाहेरून कुलूप, किल्ली शेजारच्या इमारतीत. जाधव सिस्टर मीटिंगला सव्वादोन ते तीन बसल्या होत्या, हजेरीच्या कागदावर सही आहे. दुसरी किल्ली मागच्या इनचार्जच्या काळात हरवली ती हरवलीच. ग्रिल मी दोन्ही हातांनी ओढून बघितलं, धुळीशिवाय काही हाती आलं नाही. इम्रान सर म्हणाले, "तू आधी राउंड घेतलास, मग झोपलास, आणि मधलं विसरलास. सिंपल." पण स्नेहा सिस्टरचा फोन त्यांच्याच मोबाइलवर दोन एक्केचाळीसला आलेला होता. कॉरिडॉरमधला कॅमेरा पावसाळ्यापासून बंद. आणि आणखी एक, मी स्टेथोस्कोपवर डोकं ठेवून झोपलो होतो, त्याचा गोल शिक्का संध्याकाळपर्यंत माझ्या गालावर होता. कांताबाईंच्या म्हणण्याप्रमाणे आलेल्या डॉक्टरच्या गळ्यातही नळी होतीच. एक वस्तू दोन ठिकाणी असू शकत नाही. एक डॉक्टरही नाही, अशी माझी तोवर समजूत होती.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू, भीतीपेक्षा अपमान जास्त वाटला. जे कोणी आलं होतं, ते माझ्यापेक्षा चांगला डॉक्टर होतं.

बुधवारी सकाळी सुवर्णाचं बीपी ११२/७४ होतं. राउंडला मॅडमनी सगळ्यांसमोर तिचा आदल्या दुपारचा चार्ट वर धरला. "हे बघा. याला म्हणतात मॉनिटरिंग. काल गादी, आज हे. मंदार, गुड."

गप्प बसणं फार सोपं होतं. इम्रान सर डोळ्यांनी तेच सांगत होते. पण ती शाबासकी घेतली असती, तर दुपारी पुन्हा टेबलावर बसून १२०/८० लिहिलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मला ओळखतो. पुढच्या वेळी रेघ मारायला कोणी आलं नाही तर? सुवर्णा अजून आयसीयूत होती, तिथेही मोजणं माझ्याकडेच होतं, पुढचे दोन दिवस तिचे आकडे खरे असायलाच हवे होते.

"मॅडम, हे मी घेतलेलं नाही," मी म्हणालो. "मी झोपलो होतो. रेघ मारलेलं ११०/७० माझं आहे. ते मी मोजलेलं नव्हतं, आणि सोमवार रात्रीपासूनचं जवळजवळ काहीच मोजलेलं नाही."

मॅडमनी चार्ट खाली घेतला.

"मग हे कोणी घेतलं?"

"माहीत नाही, मॅडम."

"सही तुझी आहे."

"हो."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "राउंडनंतर सगळे चार्ट काढ. जे मोजलं नाहीस, त्यावर रेघ मार, 'मोजलेलं नाही' लिही, सही कर. नंतर माझ्या केबिनमध्ये."

दुपारपर्यंत मी तेच करत होतो. इम्रान सर दोनदा येऊन गेले. "येड्या, तू स्वतःच्या करिअरवर रेघ मारतोयस."

"मारू दे. हात दुखतोय, सर, नाहीतर वेगाने मारली असती."

केबिनमध्ये मी उभाच राहिलो. शिक्षा काय ते ऐकायच्या आत बोलून टाकलं, कारण नंतर धीर झाला नसता. "मॅडम, शिक्षा द्या, कोर्स सहा महिने वाढवा, मी करेन. पण रात्रपाळी झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी जेआर वनला तीन तास झोप द्या. नाहीतर तो खोटं लिहिणार. मी असलो तर नक्कीच."

"आम्ही बहात्तर तास काढलेत," मॅडम म्हणाल्या.

"तेव्हा चार्ट खरे होते का, मॅडम?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं यावर माझाच विश्वास बसला नाही. मॅडमनी टेबलावरचा ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाल्या, "त्या तीन तासांत वॉर्ड कोण बघणार?"

"ते नाही सुचलेलं, मॅडम," मी म्हणालो.

"मी बघीन," मॅडम म्हणाल्या. "पुढचं पुढे ठरवू. आणि तुला लेखी मेमो मिळेल. फाइलला लागेल."

मेमो मिळाला, फाइलला लागला. आणि त्या शुक्रवारी दुपारी आमच्या पंचावन्न वर्षांच्या मॅडम बीपीचं मशीन काखेत मारून वॉर्डात फिरल्या. ते बघून लेक्चरर मंडळींना लाज वाटली असावी, पुढच्या आठवड्यापासून त्यांनी पाळ्या लावून घेतल्या. नियम अजूनही कुठे लिहिलेला नाही, कोणी तोंड वाकडं केलं की मला परत केबिनमध्ये जाऊन उभं राहावं लागतं. सात-आठ वेळा गेलोय.

सुवर्णा नवव्या दिवशी घरी गेली. कांताबाई जाताना म्हणाल्या, "झोपत जा रं बाबा, पन घरी."

स्पष्टीकरण? नाही. न्यूरॉलॉजीच्या सरांना विचारलं, सायकिअॅट्रीच्या मित्राला विचारलं, दोघांनी मला झोपायला सांगितलं. जाधव सिस्टर त्या विषयावर बोलत नाहीत. नंतर तसं काही कधी घडलं नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, फक्त बीपी तपासायला सांगू नका.

मी आता जेआर थ्री आहे. काल दुपारी माझी जेआर वन, अंकिता, रात्रपाळी करून टेबलाशी बसली होती. डोळे उघडे, पेन थांबलेलं.

"जा, झोप," मी म्हणालो.

"सर, मी ठीक आहे. सहा डेंग्यू आहेत, एवढं संपवते आणि जाते."

"चार्ट ठेव इकडे. मशीन पण."

"पण सर, तुम्हाला तर थीसिसचं—"

"अंकिता. जा."

ती कुरकुरत गेली. मी मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतलं आणि पहिल्या खाटेपासून सुरुवात केली.